भोपळ्यातला ‘ळ’

मुलांनी वाचावं असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. त्यांनी काय वाचावं, हेही आपणच ठरवून टाकलेलं असतं. थोरांची चरित्रं, शास्त्रज्ञांची ओळख, संस्कारकथा, सामान्यज्ञान. वाढदिवसाला, मुंजीला, परीक्षेत पास झाल्याबद्दल ही पुस्तकं घरात येतात, पहिल्या पानावर शुभाशीर्वाद लिहिले जातात, आणि मग ती कपाटात अशी काही गंभीर चेहऱ्यानं उभी राहतात की मूल त्यांच्याकडे अनोळखी पाहुण्यांकडे बघावं तसं लांबूनच बघतं. माझ्या धारवाडच्या नातवाच्या कपाटात अशी एकवीस पुस्तकं आहेत. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही भाषांतली. त्यांतलं एकही त्यानं आपणहून उघडल्याचं मला ठाऊक नाही. त्यानं आपणहून उघडलेलं पहिलं पुस्तक चोवीस पानांचं होतं, त्यात तात्पर्य नव्हतं, आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं पात्र भोपळा होतं.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. या अंकाच्या वाचकांना ती काही नवी नाही. मी बेळगावची. लेक धारवाडात दिलेली. जावईबापूंचं घराणं मराठी, पण तीन पिढ्या तिकडेच. त्यामुळे घरात सासू-सुनेचं बोलणं मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. नातू तिसरीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा कन्नड, तिसरी हिंदी. म्हणजे आठ वर्षांच्या पोरापुढे तीन लिप्या. मराठी राहिली ती बोलण्यापुरती. बोलतो मात्र झकास, आमच्या बेळगावी वळणाचं. “आजी, मी झोपतो खरं, तू गोष्ट सांगायला पायजेस,” असं ‘पण’च्या जागी ‘खरं’ घालून. पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं, पोरगा प्रत्येक वाक्याला शपथ घेतो की काय.

वाचायचं म्हटलं की मात्र पठ्ठ्याच्या पोटात दुखायला लागायचं. कुठल्याही भाषेत. शाळेतून वहीत शेरा आला, की मुलगा वाचनात मागे आहे, घरी लक्ष द्यावं. शेरा वहीत लिहिण्याआधी तो वर्गात सर्वांसमोर बोलून दाखवला गेला होता. त्या दिवसापासून “मला वाचायला येत नाही” हे वाक्य तो आपलं नाव सांगावं तसं सांगायला लागला. मला धास्ती वाटली ती या वाक्याची. एखादी गोष्ट न येणं निराळं, आणि ‘न येणारा मुलगा’ हीच आपली ओळख होऊन बसणं निराळं.

लेकीचं म्हणणं असं, “आई, तीन लिप्यांतच तो गुदमरलाय. त्यात मराठी वाचनाचं आणखी ओझं नको. बोलतोय ना? पुरे की.” तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी ऑफिसातून येऊन एकीकडे भाकऱ्या थापत तीन भाषांचा गृहपाठ घेणारी तीच. मी महिन्यातून चार दिवस येणारी पाहुणी. पण माझ्या डोळ्यांपुढे ओळखीची कितीतरी घरं येत होती, हैदराबादची, इंदूरची, आमच्या बेळगावातलीसुद्धा. तिथे मराठी आधी वाचनातून गेली, मग पत्रांतून गेली, आणि शेवटी स्वयंपाकघरात आणि गणपतीच्या आरतीत तेवढी उरली. आरतीचं पुस्तकही आता कानडी लिपीत छापलेलं लागतं म्हणून एका घरी मी ऐकलं. हे सगळं मी लेकीला बोलून दाखवलं नाही. लेकीच्या घरी आईचा सल्ला आणि आमटीत जास्तीचं मीठ, दोन्ही पहिल्या घासाला कळतात.

तेव्हा मी सल्ला न नेता भोपळा नेला. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीचं चित्रांचं एक पातळसं पुस्तक बेळगावच्या दुकानात मिळालं. पानभर चित्र, खाली दोन-तीन ओळी, अक्षर ठसठशीत. गोष्ट आपल्या सगळ्यांची पाठ. वाळून कोळ झालेली म्हातारी लेकीच्या गावाला निघते. वाटेत जंगल. तिथं वाघ, अस्वल, कोल्हा एकेक करून आडवे येतात आणि तुला खातो म्हणतात. म्हातारी प्रत्येकाला एकच सांगते, आत्ता माझ्या अंगावर आहे काय, हाडं नि कातडी. लेकीकडे जाऊन गुबगुबीत होऊन येते, मग खा. आणि ही जनावरं कबूल होतात! परत येताना लेक तिला भोपळ्यात बसवून देते, आणि भोपळा टुणुक टुणुक करत त्याच जनावरांच्या पुढ्यातून घरंगळत जातो.

बेळगावहून धारवाडला बस कित्तूरवरून सरळ नेऊन सोडते. मी मात्र रेल्वेनं जाते. खानापूर, लोंढा, अळणावर, मधे सगळं रान. पुस्तक हातात घेण्याआधी नातवानं माझी उलटतपासणी घेतली.

“तू पण लेकीकडं आलीस न्हवं?”

“हो.”

“जंगलातनं?”

“जंगलातनंच.”

“वाघ भेटला काय?”

“भेटला की. त्याला म्हटलं, चार दिवस थांब, जावयाच्या घरचं तूप खाऊन येते.”

खानापूर तालुक्यात भीमगडचं अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, आणि तिथे खरोखरीचे वाघ आहेत. तेव्हा माझ्या थापेला भूगोलाचा आधार होता. पोरगा हसला, माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, “मग आता जाऊ नको. तू जाड झालीस.” आणि पुस्तक ओढून घेतलं.

खरी गंमत परतीच्या पानावर झाली. खालच्या ओळींत फक्त एवढंच लिहिलं होतं, की वाघासमोरून एक भोपळा चालला होता. म्हातारीचं नाव नाही. पण चित्रकारानं भोपळ्याला एक भोक ठेवलं होतं आणि त्या भोकातून एक डोळा बाहेर बघत होता. नातवाला तो डोळा माझ्याआधी दिसला. एकदा डोळ्याकडे, एकदा वाघाकडे बघत तो म्हणाला, “आजी, ह्या वाघाला दिसत न्हाई काय गं? येडं हाय काय हे?” आणि मग असा हसत सुटला की डोळ्यांत पाणी, पोटावर हात, स्वयंपाकघरातून लेक लाटणं घेऊन बघायला आली.

त्या हसण्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दिवसभर या मुलाला कुणी ना कुणी सांगत असतं की तुला अजून कळत नाही. वर्गात बाईंना सगळं माहीत, शेजारच्या बाकावरच्या मुलीला सगळं माहीत, यालाच तेवढं माहीत नाही. आणि या पानावर अचानक तो सगळ्यांच्या पुढे होता. भोपळ्यात कोण आहे ते त्याला ठाऊक, जंगलाच्या राजाला ठाऊक नाही. वाचनात मागे पडलेल्या मुलाला दुसऱ्या कुणाहून तरी शहाणं असल्याचा आनंद देणारं पुस्तक आपण किती वेळा देतो? संस्कारकथेत शहाणा नेहमी लेखक असतो. वाचणारा मुलगा सुधारण्याच्या रांगेत उभा असतो.

हा तात्पर्याचा मामला आपल्याकडे जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टींचं मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावानं छापलं गेलं. म्हणजे मुलांच्या हाती द्यावं असं मराठीतलं अगदी सुरुवातीचं छापील पुस्तक निघालं ते तमिळ मुलखात, आमच्यासारख्याच परभाषेत वस्ती केलेल्या मराठी माणसांकडून. याचा मला अभिमान आहे. पण इसापाच्या मागोमाग प्रत्येक गोष्टीच्या शेपटाला बोध बांधायची सवयही आली. लोककथा त्या मानानं बेपर्वा. म्हातारी वाघाला थाप मारते आणि सुखरूप घरी जाते. खोटं बोलू नये म्हणणाऱ्यांनी तिथं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. म्हातारीला ते परवडणारं नव्हतं.

दुसरी गोष्ट पुनरुक्तीची. मोठ्या माणसाला तेच तेच वाचायचा कंटाळा येतो, पण वाचायला बिचकणाऱ्या मुलाचा तोच आधार. वाघाशी झालेलं बोलणं अस्वलाशी होतं, अस्वलाशी झालेलं कोल्ह्याशी. पहिल्यांदा मी वाचलं. दुसऱ्यांदा माझ्या बोटाबरोबर त्याचं बोट चाललं. तिसऱ्यांदा कोल्हा आला तेव्हा मी मुद्दाम पाणी प्यायच्या निमित्तानं थांबले, आणि तो धीर न धरवून पुढे वाचत गेला. कुणी म्हणेल, ते वाचन नव्हे, पाठांतर. असेना. आपण तरी देवाची स्तोत्रं आधी पाठ म्हणतो आणि मग पोथीत बोट ठेवून अक्षरं ओळखतो. कानाला जे आधी ठाऊक आहे ते डोळ्याला लवकर सापडतं. ‘टुणुक’ हा त्यानं स्वतः फोडून वाचलेला पहिला मराठी शब्द. त्याला अर्थ विचारावा लागला नाही.

अडला तो ‘भोपळा’ या शब्दावर. हिंदीच्या तासाला तो देवनागरी शिकलेला, पण हिंदीच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. “भोप... हे काय गं? उलटं आठ?” मी म्हटलं, “हुबळीला जातोस ना, त्यातलं हे अक्षर. कन्नडमध्ये तुम्ही काढता की.” तो क्षणभर गप्प बसला. मग वहीच्या कोपऱ्यात त्यानं कानडी ‘ळ’ काढला, शेजारी पुस्तकातला मराठी ‘ळ’ काढला, आणि दोघांच्या मधे बरोबरची खूण काढली. हिंदीनं जे शिकवलं नाही ते त्याला कन्नडनं दिलं. तीन लिप्यांचं ओझं म्हणत होतो आपण. त्यातली एक त्या दिवशी काठी म्हणून उपयोगी पडली. वर्णमालेचा क्रम दोन्हीकडे तोच, क ख ग घ, बाराखडी तीच, फरक अक्षराच्या अंगकाठीचा. देवनागरी डोक्यावर रेघ घेऊन सरळ उभी, कन्नड पोटानं गोल. “भोपळ्यासारखी,” असं नातवाचं मत.

शेजारी एक कानडी अज्जी आहेत. घरची ती आजी आणि शेजारची ती अज्जी, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन तो त्यांच्या ओसरीवर गेला आणि त्यांना मराठीत गोष्ट वाचून दाखवायला लागला. आठवतंय तेवढं वाचत होता, उरलेलं चित्र बघून सांगत होता. अज्जींना मराठी समजतं, बोलता येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये तीच गोष्ट उलट सांगितली, भोपळ्याची कुंबळकाई आणि वाघाची हुली करून. नातू ओरडत घरी आला, “आजी, कुंबळकाईत पण ळ हाय!” भाषावार प्रांतरचना ज्यांनी केली त्यांना हे कुणी सांगितलं नसावं.

ही म्हातारी तशी फार फिरलेली आहे. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१० साली काढलेल्या ‘टुनटुनीर बोई’ या संग्रहात ती कुबडी म्हातारी होऊन भेटते आणि शेवटी तिचे दोन कुत्रे तिला सोडवतात. फ्लोरा ॲनी स्टील यांच्या १८९४ च्या ‘टेल्स ऑफ द पंजाब’मध्ये म्हातारीच्या जागी कोकरू आहे, ते आजीकडे लठ्ठ व्हायला जातं आणि भोपळ्याऐवजी ढोलात बसून परत येतं. इराणातही भोपळ्यात बसून गडगडत जाणारी म्हातारी मुलांना ठाऊक आहे. कुणी कुणाकडून घेतली याचा वाद पंडितांनी घालावा. मला एवढंच दिसतं की गावोगावच्या अशक्त बाईला लेकीकडे जावंसं वाटतं, आणि वाटेत सगळीकडे खाणारे बसलेले असतात.

चित्र एक आणि भाषा दोन, हा प्रकारही आमच्या पिढीला नवा नव्हता. मद्रासहून निघणारं ‘चांदमामा’ १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, १९४९ मध्ये कन्नडमध्ये आणि १९५२ पासून मराठीत ‘चांदोबा’ म्हणून. साठाच्या दशकात आमच्याकडे ‘चांदोबा’ यायचा आणि भिंतीपलीकडच्या कानडी घरात त्यांचा ‘चंदमामा’. विक्रमाच्या खांद्यावरचं तेच प्रेत, तीच तलवार, अक्षरं तेवढी वेगळी. आम्ही पोरं दोन्ही अंक शेजारी ठेवून चित्रावरून कानडी शब्द ओळखायची पैज लावायचो. ते मासिक २०१३ च्या सुमारास बंद पडलं. कानडीची भीती मला कधी वाटली नाही याचं श्रेय मी शाळेला देत नाही, त्या चित्रांना देते.

आणि गोष्ट सांगितली नाही तर काय होतं, तेही आमच्याच मुलखातल्या एका गोष्टीत आहे. ए. के. रामानुजन १९५० च्या दशकात बेळगावात इंग्रजी शिकवत होते, पुढे बडोद्याला गेले आणि मग शिकागोला. त्यांनी कानडी बायाबापड्यांच्या तोंडून गोळा केलेल्या कथांत एक बाई आहे. तिला एक गोष्ट येत असते आणि एक गाणं, पण ती कुणाला सांगत नाही. आत कोंडून कंटाळलेली ती दोघं एका दुपारी तिच्या उघड्या तोंडातून बाहेर पडतात. गोष्ट दारात जोडा होऊन बसते, गाणं खुंटीवर कोट होऊन लटकतं. नवरा येतो, परक्या पुरुषाचा जोडा आणि कोट बघून भांडतो आणि रात्री मारुतीच्या देवळात जाऊन निजतो. गावातल्या विझलेल्या दिव्यांच्या ज्योती तिथं गप्पा मारायला जमतात, त्यांच्याकडून त्याला खरं कळतं. घरी येऊन तो बायकोला गोष्टीबद्दल विचारतो. तोवर ती ते दोन्ही विसरलेली असते. गिरीश कर्नाडांच्या ‘नागमंडल’मध्ये (१९८८) याच ज्योती रंगमंचावर आल्या. मला त्या कथेतला शेवट जास्त लागतो. संशय फिटला, संसार टिकला, पण गोष्ट गेली ती गेलीच.

मे महिन्यात नातू बेळगावला आला. आता वाचन एकदम सुधारलं असं काही झालेलं नाही. अजूनही तो अडखळतो, ‘म्हातारी’चं ‘महातारी’ करतो, कारण कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लोंबतं आणि इथे पहिलं अक्षर अर्धं होऊन पुढच्याला चिकटतं. पण “मला वाचायला येत नाही” हे वाक्य मी त्या सुट्टीत ऐकलं नाही. त्याऐवजी त्यानं एक खेळ काढला होता. रिक्षातून बाजारात जाताना दुकानांच्या पाट्यांवरचे ‘ळ’ मोजायचे. कानडी ‘ळ’ चालेल, मराठी ‘ळ’ चालेल, दोघांना एकच गुण. टिळकवाडीत एक, केळीवाल्याच्या गाडीवर एक, डाळीच्या दुकानात दोन, गुळाच्या वखारीवर एक. ‘बेळगाव’ दिसेल तिथं आरडाओरडा. पाट्यांवरून आमच्या गावात आजवर काय काय झालं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. काळं फासलेल्या पाट्या पाहिल्यात, फुटलेल्या काचा पाहिल्यात. त्याच पाट्यांखालून हे पोर मान वर करून नुसते ‘ळ’ वेचत चाललं होतं. खडे बाजारापर्यंत चौतीस झाले. मग एका शाळेच्या फाटकाशी रिक्षा थांबली, तेव्हा वर बघून जरा नाराजीनं म्हणाला, “शाळेत पण हाय की गं.”

लेकीनं मराठी वाचनाबद्दल पुढे काही म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही. पण परवा फोनवर ती सहज बोलून गेली, की रात्री झोपताना आता वाघाचं काम तिला करावं लागतं, आणि वाघ पुरेसा येडा झाला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. दिवसभराच्या कामानं थकलेली माझी पोर रात्री दहाला वाघ होऊन फसते आहे, हे ऐकून मला बरं वाटलं.

नातवाची आता दुसऱ्या पुस्तकाची मागणी आहे. “असलंच येडं आण,” एवढीच अट. धारवाडात आयुष्याची बरीच वर्षं काढलेल्या जी. ए. कुलकर्णींनी मुलांसाठी ‘बखर बिम्मची’ लिहिली आहे, ती मी पुढच्या एक-दोन वर्षांसाठी राखून ठेवली आहे. तोवर मला आणखी अशा गोष्टी हव्या आहेत, ज्यांत मोठे फसतात, लहान हसतात आणि कुणी कुणाला सुधारत नाही. दुकानांत त्या थोड्या मिळतील. जास्त मिळतील त्या तुमच्या-माझ्या घरात, एखाद्या आत्याच्या, मावशीच्या, शेजारच्या अज्जीच्या तोंडी. या दिवाळीत फराळाला माणसं जमतील तेव्हा त्यांच्याकडून एखादी काढून घ्या. मोठ्या अक्षरात उतरवून घ्या, चित्रं पोरांकडून काढून घ्या. शुद्धलेखन नंतर बघू.